अलगदची जाग

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यावर एक पत्रक निघालं आहे. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत जागृतीचा वर्ग चालतो, त्या लोकांनी ते काढलं. त्यात लिहिलंय की एका साध्या कामगाराला बाकड्याशी उभं राहून काम करता करता जाग आली, डोळ्यांना धारा लागल्या आणि हातातलं लोखंड आरशासारखं झालं.

मी शेजारच्या बाकड्यावर होतो. तो उभा नव्हता, बसला होता. डोळे कोरडे होते. आणि लोखंड आरशासारखं झालं नव्हतं. हाताने खरवडून सपाट केलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कधीच आरशासारखं होत नाही, ते ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. ज्याला हे माहीत नाही त्याने लोखंडाच्या नादी लागू नये.

खरं तर हे त्यानेच लिहायला हवं. तो जिवंत आहे, धडधाकट आहे, पंगतीत माझ्याआधी बसतो आणि माझ्यानंतर उठतो. पत्रक दाखवलं तर म्हणाला, “दादा, तूच लिही. तुला राग येतो. मला नुसती झोप येते.” तेव्हा हेही काम माझ्याकडे आलं. त्याची निम्मी कामं आयुष्यभर अशीच आली.

कारखान्यात त्याला सगळे अलगद म्हणायचे. तो दार अलगद लावायचा, डबा अलगद उघडायचा, आणि काम इतकं अलगद करायचा की कामाला पत्ता लागायचा नाही. बहिणीशी लग्न ठरलं तेव्हा त्याला नोकरी नव्हती. मी फोरमनकडे शब्द टाकला. तो शब्द पुढे अनेकदा फोरमनने मला वाकून परत दाखवला, खाली पडलेली वस्तू उचलून द्यावी तसा.

आमच्या खात्यात बिडाच्या सपाट प्लेटा व्हायच्या. आपलं काम सरळ आहे की नाही, हे दुसरे कारखाने आमच्या प्लेटवर ठेवून बघायचे. म्हणजे आमचं चुकलं की सगळ्यांचं चुकलं. मशीनवरून आलेली प्लेट डोळ्याला सपाट दिसते, पण नसते. पुढचं काम हाताचं. एका प्लेटवर निळी शाई अगदी पातळ पसरायची, तिच्यावर दुसरी पालथी घालून घासायची. जिथे वर आलेलं असेल तिथे निळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका स्क्रेपरने खरवडायचा. पुसायचं. पुन्हा शाई, पुन्हा घासायचं. शेकडो वेळा. आधी पाच-सहा ठिपके दिसतात, शेवटी सगळी प्लेट ठिपक्यांनी भरते. महिना जातो. स्क्रेपरची मूठ कमरेच्या हाडाला लावून सगळ्या अंगाने रेटावी लागते. माझ्या कमरेवर अजून घट्टा आहे. अलगदच्या कमरेवर नाही. पत्रक छापण्याआधी कुणी एवढं तपासलं असतं तरी कागद वाचला असता.

या कामात एक मेख आहे. दोनच प्लेटा एकमेकींवर घासत राहिलं तर त्या हळूहळू जुळतात. पूर्ण जुळतात, इथून तिथून निळे ठिपके. पण जुळल्या म्हणजे सपाट झाल्या असं नाही. एक मधोमध फुगलेली असते आणि दुसरी तेवढीच खोलगट. मूठ तळव्यात बसते तशा त्या बसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. म्हणून तिसरी प्लेट लागते. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी. तिघी आपसात जुळल्या तरच सपाट. हे नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. अलगदला मी स्वतः सांगितलं होतं. पण तिसरी प्लेट मांडणीवर असायची, पंधरा पावलांवर, आणि तिचं वजन चाळीस किलो.

तर ती दुपार. घड्याळ समोर होतं, तीन वाजून दहा मिनिटं. त्याच्या नोकरीला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. त्याने वरची प्लेट उचलली, बाजूला ठेवली, खालच्या प्लेटकडे बघितलं आणि स्टुलावर बसला. स्क्रेपर मांडीवर. चाळीस मिनिटं तो हलला नाही. मला आधी वाटलं झोपला, त्याचं काही नवल नव्हतं. पण डोळे उघडे होते. मग वाटलं, छातीत काही झालं. मी जाऊन खांदा हलवला.

“काय रे, बरं वाटत नाही का?”

“दादा, झालं.”

“काय, प्लेट?”

“मी नव्हतोच. प्लेट होती, शाई होती, पंखा फिरत होता. मी तेवढा नव्हतो.”

फोरमन मागेच उभा होता. तो म्हणाला, “त्यात नवीन काय? हजेरीवर सही असते आणि तू नसतोस, हे आम्ही बावीस वर्षं बघतोय.”

सगळं खातं हसलं. अलगदही हसला. हे मात्र नवीन होतं. एरवी कुणी बोललं की तो तीन दिवस तोंड फिरवायचा.

चहाच्या वेळी मी विचारलं, “नेमकं केलंस काय?”

“काहीच नाही, दादा. मी काहीच केलं नाही. आपोआप झालं.”

“काही केलं नाहीस ते मला माहीत आहे. पुढचं सांग.”

पुढचं त्याला सांगता येत नव्हतं. ठीक आहे. आपोआप झालेली गोष्ट पुन्हा व्हायची तेव्हा आपोआप होईल, माणसाने आपलं काम करावं. पण नाही. दुसऱ्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी हा पुन्हा स्टुलावर, स्क्रेपर मांडीवर. तिसऱ्या दिवशी तेच. शर्ट तोच घालायचा, आठवडाभर बहिणीला धुवायला दिला नाही. त्या दिवशी चहा अर्धा कप प्यायला होता म्हणून रोज अर्धाच. पंख्याचं बटण त्याच आकड्यावर. कामात ही चिकाटी दाखवली असती तर माणूस कुठल्या कुठे गेला असता. एकदा तर माझ्याकडे आला.

“दादा, त्या दिवशी तू खोकला होतास. आठवतं का?”

“असेन खोकलो. मग?”

“जरा खोक ना.”

मी खोकलो. काही झालं नाही. माझ्या घशात ती ताकद नसावी.

आपोआप होतं म्हणणारा माणूस असा महिनाभर ते घडवायला बसला होता, आणि यात काही विसंगत आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

अशा माणसाचा वास लागणारी माणसं असतात. शिंप्याच्या दुकानावरच्या वर्गाचा चालक पूर्वी गाद्या विकायचा. दुकान बसलं, गाद्या उरल्या, त्या वरच्या खोलीत अंथरून त्याने वर्ग काढला. आम्ही त्याला गादीवाला म्हणायचो. त्याचं म्हणणं अलगदच्या बरोबर उलट. जाग आपोआप येत नाही, आणावी लागते. चाळीस दिवस, अकरा पायऱ्या. भिंतीवर तक्ता होता, पायऱ्यांना रंग दिले होते. वर्गाला तीन वर्षं झाली होती आणि अकराव्या पायरीवर अजून कुणी पोचलं नव्हतं. त्याला जाग आलेला एक माणूस हवा होता. अलगदला कुणीतरी ‘तुझं खरं आहे’ म्हणणारा हवा होता. जुळलं.

गादीवाल्याने त्याला समोर बसवलं, त्याचे दोन्ही हात हातात घेतले, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने हळू आवाजात म्हणाला, “पूर्ण आहे. इथे आता काही करायचं उरलेलं नाही.” माझी बहीण मागे भिंतीला टेकून बसली होती. तिने मला शब्दन् शब्द सांगितला. अलगदने तर घरी येऊन ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं की बहिणीच्या शाळकरी मुलीने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून टाकलं. बावीस वर्षांत त्याच्या हातच्या कुठल्याही वस्तूला कुणी पूर्ण म्हटलं नव्हतं. त्याचं मला फार वाईट वाटलं असं नाही, पण लक्षात राहिलं.

आता एकाचं म्हणणं ‘करून होतं’, दुसऱ्याचं म्हणणं ‘न करता होतं’. गादीवाल्याने तोडगा काढला: अलगदने कारखान्यात बावीस वर्षं जे केलं तीच त्याची साधना. हे ऐकून मी कप खाली ठेवला. त्याने बावीस वर्षं काय केलं ते मला ठाऊक आहे, कारण त्यातलं अर्धं मी केलं होतं. ही साधना असेल तर निम्मी जाग माझ्या नावावर निघते.

माझं मत मी तेव्हाच बनवलं होतं आणि ते अजून बदललेलं नाही. आपोआप होतं म्हणणाऱ्याला काम नको असतं, आणि करून होतं म्हणणाऱ्याला गिऱ्हाईक हवं असतं.

महिना सरत आला तेव्हा बहीण माझ्या घरी आली. चप्पल न काढता उंबऱ्यातच उभी राहिली.

“दादा, हे नोकरी सोडतायत. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवा वर्ग निघतोय, तिथे ह्यांनी शिकवायचं. राजीनामा लिहून झालाय.”

“शिकवणार काय? ह्याला आपोआप झालं ना?”

“थट्टा नको. मला एकच सांग. ह्यांना खरंच काही झालंय का?”

“मला काय विचारतेस? मी फिटर आहे.”

“तू शेजारी होतास. दुसरं कोण होतं? खरं असेल तर मी आडवी येणार नाही. घरात शिवणाची मशीन आहे, बाहेरचे कपडे घेईन, पोरीचं मी बघेन. ह्यांनी खुशाल बसावं. पण खरं नसेल तर ह्या वयात मी दिवसभर पाय कशासाठी मारू?”

“घरी कसा असतो?”

“कसे असणार! काल समोर बसले होते आणि दूध उतू गेलं. म्हटलं, दिसलं नाही का? तर म्हणाले, दिसलं, फार सुंदर दिसलं. अरे, गॅस बंद करायचा की सुंदर बघत बसायचं?”

मला हसू आलं. तिला आलं नाही. तिचा चेहरा बघून मीही आवरलं.

“तपासून सांगतो,” मी म्हणालो. दुसरं उत्तर मला देता येत नाही.

अलगदच्या त्या दुपारच्या दोन्ही प्लेटा बाकड्याखाली तशाच होत्या. पुढचं काम त्याने हातात घेतलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि फोरमनने मिळून मांडणीवरची तिसरी प्लेट आणली. शाई लावली, त्याच्या प्लेटवर घासली, उचलली. निळं फक्त मधोमध, तळहाताएवढं. बाकी कोरडं. दुसरी लावून बघितली, तिला फक्त कडांना निळं, मध्ये काही नाही. एक फुगलेली, एक खोलगट. फरक अर्ध्या केसाएवढा. म्हणजे तीन वाजून दहा मिनिटांनी हा ज्या भरगच्च निळ्याकडे बघून हरवला, ते निळं चुकीचं होतं.

अलगद आल्यावर त्याला दाखवलं. त्याने वाकून बघितलं. फिटर होताच तो, आळशी असला तरी.

“फुगलीय,” तो म्हणाला.

“तिसरी लावली होतीस?”

“नाही.”

“का?”

“लांब होती.”

फोरमनने कपाळाला हात लावला आणि निघून गेला. मी म्हटलं, “मग? आता काय म्हणणं आहे?”

“दादा, प्लेटचा आणि त्याचा काय संबंध? प्लेट चुकली असेल. ते नाही चुकलं.”

“कशावरून?”

“पूर्ण आहे म्हणाले ना ते.”

प्लेट मी तपासू शकतो. माणसाच्या आत काय झालं ते कशावर घासून बघणार? संध्याकाळी बहिणीला सांगितलं, प्लेट चुकीची निघाली, बाकीचं मला कळत नाही. ती म्हणाली, “म्हणजे हे खोटं बोलत नाहीत. ह्यांना तसंच दिसलं.”

“दिसलं असणार.”

“खोटं बोलत असते तर सोपं होतं रे.” आणि घरी जाऊन तिने शिवणाच्या मशीनला तेल घातलं. हे मला भाचीने सांगितलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गादीवाला कारखान्यात आला. बरोबर वर्गातली चार माणसं. त्यांना ‘ती जागा’ बघायची होती. फोरमनने परवानगी दिली, बहुतेक गंमत बघायला. अलगदच्या शर्टाच्या खिशात राजीनामा होता, घडी बाहेरून दिसत होती. सुट्टी संपली की तो द्यायचा होता.

गादीवाल्याने स्टूल बघितलं, पंखा बघितला. चौघांनी स्टुलाला हात लावून घेतला. त्यातल्या एकाला स्क्रेपरवर बोट फिरवायचं होतं, मी नको म्हटलं, कापलं असतं. मग अलगद म्हणाला, “आणि ही ती प्लेट.”

प्लेट बाकड्यावर उघडी होती. तिसरी बाजूलाच होती. मी काही मांडून ठेवलं नव्हतं. तपासल्यापासून ती तिथेच पडून होती, कारण परत उचलून ठेवायला अलगदने हात दिला नव्हता.

गादीवाल्याने बाही वर केली. तळवा प्लेटवर ठेवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवला. डोळे मिटले. चौघे श्वास रोखून. बऱ्याच वेळाने तो हळू आवाजात म्हणाला, “पूर्ण आहे. इथे आता काही करायचं उरलेलं नाही.”

अर्ध्या केसाचा फुगवटा हाताला कळत नाही. माझ्या हातालाही कळत नाही, जन्मात कुणाला कळला नसेल. म्हणूनच आमच्यातला कच्च्यातला कच्चा माणूसही हात फिरवून प्लेट पूर्ण आहे असं बोलत नाही. त्याला कळलं नाही हा त्याचा दोष नव्हे. त्याने सांगितलं, हा दोष.

मी अलगदकडे बघितलं. तो गादीवाल्याच्या तोंडाकडे बघत होता. तेच शब्द, तोच आवाज, मधली तेवढीच शांतता.

“पूर्ण आहे?” अलगदने विचारलं.

“शंका कसली? तुझ्या अवस्थेतून आलेली वस्तू आहे ही. दुसरं काय असणार?”

“मधे फुगलीय,” अलगद म्हणाला.

“काय?”

“मधे फुगलेली आहे. अर्धा केस. मी तिसरी लावलीच नव्हती.”

गादीवाला हसला, लहान मुलाकडे बघून हसतात तसा. “हे मोजमाप बाहेरचं झालं. आतून बघ.”

“आतून बघायला ती काय भोपळा आहे का?” अलगद म्हणाला. “बीड आहे ते. भरीव.”

फोरमनला ठसका लागला. गादीवाला बाही खाली करत म्हणाला की आज तू अस्वस्थ आहेस, संध्याकाळी वर्गावर ये. चौघांना घेऊन तो गेला. जाताना त्याच्या तळव्याला निळी शाई लागलेली होती. ती सहज निघत नाही, आठवडा जातो.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. अलगदने खिशातून कागद काढला. मला वाटलं फोरमनकडे जाईल. त्याने कागद उलगडला, प्लेटवरची जुनी शाई त्याच कागदाने पुसली, मग बोटं पुसली. पुसायला कापूस होता, पण तोही दोन पावलांवर होता.

मग म्हणाला, “दादा, तिसरीला हात दे.”

पाच आठवडे लागले. तिन्ही प्लेटा आळीपाळीने. मी मदत केली नाही, फक्त उचलायला हात दिला. पहिल्या आठवड्यात त्याच्या कमरेची सालटी निघाली, बहिणीने जुन्या गोधडीचा तुकडा शिवून पट्ट्यात अडकवून दिला. शिवणाच्या मशीनवर त्या वर्षी तेवढंच काम झालं. काम काही फार छान झालं नाही. मी तीन आठवड्यांत केलं असतं आणि ठिपके एकसारखे आले असते. पण सपाट झालं. फोरमनने तिन्ही तपासल्या आणि “चालेल” म्हणाला. फोरमन याहून जास्त कधी कुणाला म्हणाला नाही.

बहिणीने मला पुन्हा विचारलं, “मग त्या दिवशी झालं होतं की नव्हतं?”

“माहीत नाही. तपासायला तिसरं काही नव्हतं.”

“बरं,” ती म्हणाली. “पगार घरी येतोय ना, मग असू दे झालेलं.”

अलगदने त्यानंतर आणखी चौदा वर्षं नोकरी केली. फार सुधारला असं कुणी समजू नये. तो शेवटपर्यंत अलगदच राहिला. दाराशी, डब्याशी, कामाशी. फक्त तिसरी प्लेट न सांगता आणायचा, कुरकुरत. तीन वाजून दहा मिनिटांनी स्टुलावर बसणं बंद झालं. गादीवाल्याने दुसऱ्या टोकाचा वर्ग काढलाच नाही, आणि आता इतक्या वर्षांनी हे पत्रक काढलं आहे, त्यात आमच्या माणसाला धारा लावल्या आहेत.

हे लिहून झाल्यावर परवा मी त्याला वाचून दाखवलं. व्हरांड्यात बसला होता, पाय वर घेऊन. मध्ये दोनदा डुलकी घेतली. शेवटी म्हणाला, “सगळं बरोबर आहे. मला आळशी जरा जास्त केलंयस.”

“कमीच केलंय. एक विचारतो. ते पुन्हा कधी झालं का?”

त्याने अंगणाकडे बघितलं.

“एकदा,” तो म्हणाला.

“कधी? त्या पाच आठवड्यांत? की नंतर?”

“नाही सांगणार.”

“का?”

“तू तपासायला घेशील.”

आणि पाय खाली सोडून, दार अलगद लावून, आत जेवायला गेला.